नळीतलं काडतूस

हृषिकेश पाटणकर याच्याइतका संशयी माणूस रेगेन्सबर्गच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. तो मोटारींच्या कारखान्यात रोबोटांच्या सुरक्षेचं काम बघायचा, आणि तिथे संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा. रोबोटाच्या पिंजऱ्यात शिरण्याआधी वीज बंद केली आहे असं कुणी सांगितलं की हा म्हणायचा, छान, आता मला दाखव. सांगणारा कालचा पोरगा असो की प्लँटचा प्रमुख, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो दार उघडू देत नसे. एकदा म्युनिकहून आलेल्या बड्या साहेबाला त्यानं असंच ताटकळत उभं केलं होतं. साहेब मनातून चिडला असणार, पण जर्मनीत अशा बाबतीत उघडपणे चिडायची सोय नाही.

असा हा माणूस नोव्हेंबरातल्या एका शनिवारी भरलेली बंदूक खांद्याला अडकवून आपल्याच बायकोच्या मागून जंगलातून चालत आला. ती बंदूक त्याची नव्हती, आणि ती त्याच्या खांद्यावर आली ती निव्वळ चांगल्या संस्कारांपायी. संस्कार ही काही कमी जोखमीची वस्तू नव्हे.

कराडचा हा मुलगा शिकारीच्या नादी लागला तो सेपमुळे. सेप वाइनझिर्ल हे त्यांचे इथले पहिले घरमालक. हृषिकेश आणि नंदिनी नवेनवे आले तेव्हा घर शोधताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. फोनवर नाव सांगितलं की घर नेमकं कालच गेलेलं असायचं. शहराबाहेरच्या एका खेड्यात, रानाला लागून असलेल्या घरात, सेप एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. त्यांनी दोघांना वरचा मजला दाखवला, खिडकीतून दिसणारं रान दाखवलं आणि एवढंच विचारलं, की जिन्यावरून बूट आपटत चालायची सवय नाही ना. नाही म्हटल्यावर ‘पास्ट शोन’ म्हणाले, म्हणजे चालतंय की, आणि किल्ली हातात दिली.

पुढे या दोघांनी त्याच गावात स्वतःचं घर घेतलं, पण सेपकडचं जाणं-येणं तुटलं नाही. नंदिनीनं केलेली शेंगदाण्याची चटणी ते लोणी लावलेल्या ब्रेटसेलवर, म्हणजे इथल्या पीळदार खारट पावावर, भुरभुरून खायचे. कराडहून कुणी यायचं असलं की हृषिकेशची आई त्यांच्यासाठी मेतकुटाची वेगळी पुडी पाठवायची, आणि सेप ते मेतकूट बटाट्यावर घालायचे. कुणी कशाशी काय खावं याला काही धरबंध नसतो.

शिकारीची परीक्षा इथे भलती अवघड. जनावरांचे दात, त्यांचे रोग, कायदे, बंदुका, सगळं तोंडपाठ लागतं आणि इथली शेतकऱ्यांची मुलंसुद्धा त्यात आपटतात. सेपनी दोन हिवाळे हृषिकेशचा अभ्यास घेतला. स्वतःच्या जुन्या बंदुकीवर त्याचा हात बसवला. तो पास झाला तेव्हा सेपनी त्याला मिठी मारली, आणि बव्हेरियाच्या या भागातला म्हातारा कुणाला मिठी मारतो ही काही साधी बाब नव्हे. हृषिकेशची आई मात्र कराडात सगळ्यांना सांगायची, की मुलगा सुटीच्या दिवशी रानात फिरायला जातो. तिच्या लेखी बंदूक ही एक तर पोलिसाकडे असते नाही तर गुंडाकडे.

लायसन्स मिळालं, तरी रान मिळत नाही. इथे प्रत्येक रानाच्या शिकारीचा हक्क कुणी ना कुणी भाड्यानं घेतलेला असतो, आणि या रानाचा हक्क होता मार्लेने श्मिडबाउअर या गुरांच्या डॉक्टरणीकडे. ती बोलावेल तेव्हा पाहुणा म्हणून जायचं, एवढीच हृषिकेशची पायरी. गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली होती, की या हिवाळ्याच्या हाकाऱ्यात, म्हणजे डुकरं हाकून करायच्या शिकारीत, तुझ्यावर एका तुकडीची जबाबदारी टाकते. नीट निभावलीस तर एप्रिलपासून या रानात एकट्यानं शिकारीला जायची परवानगी तुझ्या नावानं देते. हृषिकेशला ती परवानगी फार हवी होती. जर्मन पासपोर्ट त्याला केव्हाच मिळाला होता, पण पासपोर्ट सरकार देतं आणि ही परवानगी गाव देणार होतं. बेकरीत उभं राहून ‘काल आपल्या रानात’ असं वाक्य सुरू करता यावं, एवढीच त्याची हाव होती, आणि ती काही थोडी नव्हे.

त्या शनिवारी सकाळी सगळे रानातल्या मोकळ्या जागेत जमले. धुकं होतं, गवत कडक झालं होतं. रानडुकरांनी त्या वर्षी मक्याची पार वाट लावली होती, त्यामुळे दोनदा हाकारा घालायचं ठरलं होतं. सकाळी ओढ्याकडच्या उतारावर, दुपारी स्प्रूसच्या दाट झाडीत. शिकारी उंच लाकडी मचाणांवर बसणार आणि नारिंगी जाकिटं घातलेले हाकारे कुत्री घेऊन, ओरडत, काठ्या आपटत डुकरं उठवणार. नंदिनी पहिल्यांदाच हाकाऱ्यांत आली होती. आठवडाभर ती लॅपटॉपसमोर बसून टीमच्या मीटिंगा हाकायची, तेव्हा डुकरं हाकायला तिला काहीच हरकत नव्हती.

“आल्झो, तर मग,” मार्लेनेनं सुरुवात केली, आणि सगळे गप्प झाले. दरवर्षी सांगते तेच तिनं सांगितलं. बंदूक मचाणावर बसल्यावर भरायची आणि मचाणावरच रिकामी करायची. गोळी मातीत जाईल अशीच झाडायची. हाकाऱ्यांच्या दिशेला नळी नाही म्हणजे नाही. न्यायला कुणी येईपर्यंत मचाण सोडायचं नाही. शेवटचं शिंग वाजलं की नळीमागची खिट्टी, म्हणजे बोल्ट, उघडा, आणि तो उघडाच ठेवून चालत या. तुकडीच्या प्रमुखानं प्रत्येकाची बंदूक स्वतः डोकावून बघायची. “बंदूक ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची,” ती म्हणाली. “भरलेली सापडली की तो घरी. कारणं मी ऐकणार नाही.”

हृषिकेशच्या तुकडीत दोघेच होते; म्युनिकहून आलेला एक दंतवैद्य, आणि सेप. दंतवैद्याला त्याच्या मचाणावर चढवताना हृषिकेशनं त्याला कुठून कुठपर्यंत बार काढायचा ते झाडांच्या खुणांसकट दाखवलं आणि त्याच्याकडून वदवूनही घेतलं. सेपच्या मचाणाशी आल्यावर मात्र त्याची जीभ रेटेना. ज्यांनी आपल्याला हे शिकवलं त्यांना आपण काय सांगायचं? शिकारी एकमेकांना एकेरीतच बोलतात, त्यामुळे तोंडानं तो सेपना ‘तू’ म्हणायचा, पण मनात ते कायम ‘अहो काका’ होते. सेपनीच हसून त्याची सुटका केली. समोरच्या दोन ओकांकडे बोट दाखवून म्हणाले, या दोघांच्या मध्ये, बाकी कुठे नाही, बरोबर? हृषिकेश ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणाला आणि आपल्या मचाणाकडे गेला.

हाकारा रंगला. उतारावरून आरडाओरडा जवळ येत गेला, कुत्री भुंकू लागली. हृषिकेशच्या समोरून एक कोल्हा तेवढा निवांत निघून गेला. सेपच्या बाजूनं एकच बार ऐकू आला आणि पाठोपाठ काही नाही, म्हणजे एका गोळीत काम झालं होतं. शिंग वाजल्यावर हृषिकेशनं आपली बंदूक रिकामी केली, दंतवैद्याला उतरवलं, त्याच्या बंदुकीत डोकावून बघितलं आणि मग दोघे सेपच्या मचाणाकडे आले. दोन ओकांच्या मध्ये मोठं डुक्कर पडलं होतं. हृषिकेशनं टोपी काढून अभिनंदन केलं. सेपचा चेहरा खुलला होता.

त्यांचा डावा खुबा दुखरा. शिडीच्या वरच्या पायरीवर ते पाठमोरे उभे राहिले, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात बंदुकीतून काढलेलं काडतुसांचं मॅगझिन, आणि शिडी धरायला हातच उरला नाही. म्हातारा माणूस हातात ओझं घेऊन पायरी चाचपतो आहे हे दिसल्यावर मराठी घरात वाढलेला माणूस विचार करत नाही. त्याचा हात आपोआप पुढे जातो. तसा हृषिकेशचा गेला. त्यानं बंदूक वरच्या वर काढून घेतली, सेपनी मॅगझिन खिशात टाकलं आणि शिडी धरून ते सावकाश उतरले.

बंदुकीचा बोल्ट बंद होता. हृषिकेशला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणायला जागा नाही. नियमाप्रमाणे त्यानं तिथल्या तिथे बोल्ट ओढून नळीत बघायला हवं होतं. पण मॅगझिन काढलेलं त्यानं बघितलं होतं, सेप समोर उभे होते, बाजूला तो दंतवैद्य. त्यांच्या देखत सेपची बंदूक उघडून बघायची म्हणजे बापाच्या खिशात हात घालून बघण्यासारखं झालं असतं. त्यानं ती तशीच दुसऱ्या खांद्याला अडकवली. वाटेत हाकारे भेटले. नंदिनी चिखलात माखून, गाल लाल करून त्यांच्यात होती. तिनं हात केला आणि अरुंद पायवाटेवर ती हृषिकेशच्या पुढे चालू लागली. झाडांच्या खालच्या फांद्या आडव्या आल्या की तो वाकायचा, आणि वाकला की खांद्यावरची नळी पुढे झुकायची.

मोकळ्या जागेच्या तोंडाशी मार्लेने उभी होती. येणारा प्रत्येक जण उघडा बोल्ट दाखवून पुढे जात होता. हृषिकेशनं आपली बंदूक दाखवली. तिनं दुसऱ्या बंदुकीकडे हात केला. त्यानं ती दिली, तिनं बोल्ट ओढला, आणि पितळी काडतूस टुणकन उडून ओल्या पाचोळ्यात पडलं.

बार काढल्यावर सेपनी सवयीनं बोल्ट ओढून पुढचं काडतूस नळीत चढवलं असणार. नंतर मॅगझिन काढलं आणि नळीतलं विसरले. बंदुकीच्या जगातली ही सगळ्यात जुनी चूक आहे, परीक्षेच्या पहिल्या धड्यात ती असते, आणि तो धडा हृषिकेशला सेपनीच शिकवला होता. त्याच्या डोळ्यांसमोर पायवाटेवरची नंदिनीची नारिंगी पाठ आली.

ती बंदूक कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सूपच्या टेबलापाशी सेप वळून बघत उभे होते. हृषिकेशनं त्यांच्याकडे बघितलं आणि एका दमात सांगून टाकलं, की सेपनी बंदूक रिकामीच दिली होती. वाटेत झुडपात एक जखमी डुक्कर असल्याचा भास झाला म्हणून मीच खिशातलं एक काडतूस नळीत घातलं, आणि काढायचं राहिलं. दोघांच्या बंदुकांना काडतूस एकाच मापाचं लागायचं, त्यामुळे खोटं अगदी चपखल बसलं. इंजिनियर माणूस खोटंसुद्धा मापात बसवून बोलतो.

मार्लेनेनं त्याच्याकडे बघितलं. मग सेपकडे बघितलं. सेपनी हातातल्या वाटीत मान घातली. ती म्हणाली, “तुझी बंदूक गाडीत ठेव. दुपारी तू नाहीस. आणि एप्रिलचं आता मला विचारू नकोस.” आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर हृषिकेशला जरा बरं वाटलं असतं.

बाकीचे वाटाण्याचं सूप पीत होते आणि तो गाडीत जाऊन बसला. गाडी एकच होती, नंदिनी यायची होती, त्यामुळे निघूनही जाता येईना. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेच्या तळाशी, खरं सांगायचं तर, थोडं समाधानही होतं. गुरूची अब्रू आपण आपल्या अंगावर घेतली, असं काहीसं. एप्रिलची परवानगी गेली होती, पण तिच्या बदल्यात आपण काहीतरी मोठं केलं असं तो स्वतःला समजावत होता. असं समाधान फार वेळ एकट्यानं चघळू देऊ नये. सुदैवानं नंदिनी आली.

तिनं दार उघडलं आणि आत बसली. हाकाऱ्यांच्या टेबलावर तिला अर्धंमुर्धं कळलं होतं.

“तिकडे सगळे म्हणतायत, तू लोडेड गन घेऊन आलास. कोणाची होती ती?”

“सेपची.”

“आणि मी तुझ्या पुढे चालत होते.”

“हो.”

हातमोजे काढून तिनं मांडीवर ठेवले. मग तिनं विचारलं, जखमी डुकराची ती स्टोरी कशाला सांगितलीस. त्यानं सांगितलं, की यांच्याकडून असं झालं म्हणून कळलं तर लायसन्सवर गदा येईल, या वयात ते परत मिळायचं नाही, आणि रान सोडून त्यांना आहे काय दुसरं. घर रिकामं, मुलगी तिकडे. आपल्याला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी घर दिलं, हे तूही विसरली नसशील.

“नाही विसरले,” नंदिनी म्हणाली. “पण आता दुपारी ते परत मचाणावर बसणार ना? बंदूक घेऊन?”

हा विचार हृषिकेशच्या डोक्यात आलाच नव्हता. कारखान्यात एखाद्या यंत्राचा ब्रेक निकामी झाला आणि ऑपरेटरनं दोष स्वतःवर घेऊन यंत्र पुन्हा चालू ठेवलं असतं, तर यानंच त्या ऑपरेटरला फाडून खाल्लं असतं. इथे त्यानं नेमकं तेच केलं होतं, आणि वर त्याचा अभिमान धरून बसला होता.

“मला कुठे लावलंय माहितीये?” नंदिनी म्हणाली. “त्यांच्या मचाणाच्या समोरच्या झाडीत. माझ्या शेजारी ती बेकरीवाली आहे, तिची दोन पोरं घरी आहेत. हृषी, तुला जमत नसेल तर मी सांगते मार्लेनेला. मला काही त्यांनी शिकार शिकवली नाही. मला काही वाटणार नाही.”

हे मात्र खोटं होतं. तिचे डोळे भरले होते. पहिल्या हिवाळ्यात ती तापानं फणफणली होती आणि हृषिकेश हॅनोव्हरला ट्रेनिंगला गेला होता, तेव्हा सेपनी जिन्यावरून वर-खाली करत तिला सूप आणून दिलं होतं, दुखऱ्या खुब्यानं.

“नको,” हृषिकेश म्हणाला. “मीच सांगतो.”

मार्लेने टेबलाच्या टोकाशी एकटी उभी राहून दुपारच्या मचाणांचा नकाशा बघत होती. त्यानं तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. बोल्ट बंद दिसला होता हेही सांगितलं, आपण खोटं बोललो हेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. तो ओरडा खायला तयार होऊन उभा होता. तिनं नकाशाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

“तू खोटं बोलतोयस हे मला कळलं होतं,” ती म्हणाली. “झुडपात जखमी डुक्कर असताना तू तुकडी थांबवली नाहीस, हे तुझ्या बाबतीत मी मानेन?”

मग तू मान्य का केलंस, असं त्यानं विचारलं.

“कारण गेल्या वर्षी मलाही सापडलं होतं. याच जागी, त्याच बंदुकीत. मी ते काढलं आणि खिशात टाकलं.” ती सेपकडे बघत होती. सेप एकटेच बाकावर बसून पावाचा तुकडा कुत्र्याला देत होते. “मला बंदूक धरायला त्यांनीच शिकवली. मी शाळेत होते.”

हृषिकेशला तिचा राग आला. तासाभरापूर्वी त्यानंही तेच केलं होतं, तरी आला. गेल्या वर्षी हिनं तोंड उघडलं असतं तर आज ती बंदूक आपल्या खांद्यावर आलीच नसती, असं त्याच्या मनात आलं. मग लगेच हेही आलं, की आज आपण गप्प राहिलो असतो, तर पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी आपल्याबद्दल हेच म्हणाला असता. कदाचित एखाद्या थडग्याशी उभा राहून.

मार्लेने सेपजवळ जाऊन बाकावर बसली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बोलणं फार लांबलंही नाही. सेपनी मान हलवली, उठून बंदुकांच्या रांगेतली आपली बंदूक घेतली, बोल्ट उघडून तिला दाखवला, तिच्या हातात दिली आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. त्यांनी हृषिकेशकडे बघितलं नाही.

मग मार्लेनेनं सगळ्यांना गोळा केलं आणि सरळ सांगितलं, की दुपारचा हाकारा होणार नाही. सकाळी एक भरलेली बंदूक माणसांमधून चालत आली. ती सेपची होती, हृषिकेशनं ती न बघता उचलली आणि नंतर खोटं सांगितलं. “आणि असंच गेल्या वर्षीही झालं होतं. ते मला ठाऊक होतं आणि मी लपवलं,” ती म्हणाली. “भरलेली सापडली की घरी, हा माझा नियम आहे. तेव्हा आम्ही तिघं घरी जातोय, आणि शिकार चालवणारीच घरी गेली की शिकार संपली.” लोकांनी एकमेकांकडे बघितलं. दंतवैद्य एवढ्या लांबून आल्याबद्दल पुटपुटला. बेकरीवालीनं हातातली काठी गाडीला टेकवून ठेवली आणि नंदिनीच्या दंडावर हात ठेवला.

सेपना घरी सोडायचं काम हृषिकेशकडेच आलं, कारण सकाळी ते त्याच्याच गाडीतून आले होते. नंदिनी मागे बसली होती. वाटेत तिनं एकदा विचारलं, थर्मासमधला चहा हवा का, तर सेप नको म्हणाले. आभार मानून नको म्हणाले, आणि त्या आभारांमुळे हृषिकेशला आणखीच कसंतरी झालं. चहाला ते कधी आभार मानत नसत. घरचा माणूस कशाला मानेल?

दारापाशी गाडी थांबली. सेप उतरले, तसा हृषिकेशही उतरला. त्याला माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते ठरेना; खोटं बोलल्याची, की खरं सांगितल्याची. त्यानं सुरुवात केली, की मला तुला सगळ्यांसमोर असं उघडं पाडायचं नव्हतं. सेपनी हात वर करून त्याला थांबवलं. किल्ली कुलपात होती, पण त्यांनी ती फिरवली नाही.

“गेल्या वर्षी मार्लेनेनं ते काडतूस खिशात टाकलं, तेव्हा मी बघितलं होतं,” ते म्हणाले. “तिला वाटलं, माझं लक्ष नव्हतं.”

हृषिकेशनं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

“मला वाटलं, दुसऱ्या दिवशी येईल आणि सांगेल. सेप, आता बस झालं. मी तिच्यासाठी कॉफीसुद्धा करून ठेवली होती. ती आली नाही. मग मी म्हटलं, हृषी सांगेल. तो असल्या बाबतीत कुणाला सोडत नाही. आपण होऊन सोडायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून आज शिडीवरून तू बंदूक घेतलीस, तेव्हा खाली उतरून मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, मी काही विसरलो असेन, तर आता हा उघडून बघेल.”

“मला तुझा अपमान करायचा नव्हता,” हृषिकेश म्हणाला.

“माहीत आहे मला. सगळे फार चांगले वागलात माझ्याशी.” सेपनी गाडीकडे बघितलं. मागच्या काचेतून नंदिनी दोघांकडे बघत होती. तिच्या अंगात अजून नारिंगी जाकीट होतं. “तिला काही झालं असतं, तर त्यानंतर तरी सांगितलं असतंत का कुणी?”

त्यांनी किल्ली फिरवली, पायपुसण्यावर बूट पुसले आणि ते आत गेले. आत ये म्हणाले नाहीत. दार हळू लावलं, नेहमीसारखंच. हृषिकेश येऊन गाडीत बसला.

“काय म्हणाले?” नंदिनीनं विचारलं.

“उशीर केलात म्हणाले,” तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.